बाई, तुमचा वाक्प्रचार चुकला

प्रिय बाई,

‘सासूबाई’ असं लिहायला घेतलं आणि हात थांबला. त्यातला ‘सासू’ कोर्टानं काढून घेतला. ‘बाई’ मात्र त्यांच्या हातातला नव्हता, तो तुमच्या शाळेचा. तेव्हा त्यांनी जेवढं ठेवलंय तेवढ्यावर भागवते.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. क्रियापद जरा घसरलं की तुम्ही तिथंच अडवता, मग मी मूळ मुद्दा विसरते आणि आपण दोघी व्याकरणावर येतो. पत्रात तुम्हाला लाल पेन घेऊन माझ्या मागून यावं लागेल, तोवर मी शेवटाला पोचलेली असेन. गेल्या रविवारी मी तुम्हाला एक बातमी सांगायला फोन केला होता. तुम्ही नेहमीसारखं आधी तुमचं सांगितलंत. नातू शाळेत रमला, वर्गात शिक्षिकेचे उच्चार दुरुस्त करतो (कुणावर गेलाय ते मी विचारलं नाही), लिफ्ट परत बंद पडली, गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतोय. मग मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “हे बघ, आता दर रविवारी फोन करायची काही गरज नाही. तुझं-माझं जे काही होतं ते आता वॉटर अंडर द ब्रिज. तू पुढं बघ.” आणि फोन ठेवलात.

खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते असं, की बाईंनी वाक्प्रचार चुकीचा वापरला. तुम्हाला ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा. आठवडाभर ऑफिसात कागद हातावेगळे करताना, घरी भाजी चिरताना डोक्यात एकच घोळ चालू आहे, की ही चूक झाली की बाईंनी मुद्दाम केली? चूक असेल तर मी दुरुस्ती करून घेईन. मुद्दाम असेल, तर या जगात मला माझं म्हणावं असं जे एकच माणूस उरलंय, ते मला रीतसर इंग्रजीतून सोडून गेलं असा त्याचा अर्थ होतो. आणि तो अर्थ मला मान्य नाही. म्हणून हे पत्र लांबणार आहे, चष्मा पुसून घ्या.

लग्न होऊन आले तेव्हा मला इंग्रजीची केवढी धास्ती होती, आठवतं? पाणीपुरवठा खात्यात नोकरी, तीही तक्रारींच्या खिडकीवर. तोंडी तक्रारींना मी भीक घालत नव्हते. ‘नळाला नुसती हवा येते हो’ म्हणणाऱ्याला ‘मग बिल हवेचं पाठवू का’ असं विचारून हसवून परत पाठवायची. पण लेखी तक्रारी इंग्रजीतून यायच्या आणि उत्तरंही इंग्रजीतूनच जायची. एकदा साहेबांनी माझा मसुदा सगळ्यांसमोर टेबलावर टाकला आणि विचारलं, हे उत्तर आहे की गळती? घरी येऊन मी सिंकपाशी भांडी घासत रडत होते. तुम्ही आलात, माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलंत, नळ बंद केलात आणि म्हणालात, “रडताना नळ कशाला चालू? दोन्हीकडून वाया.” मग सगळं ऐकून घेतलंत आणि पदराला हात पुसत म्हणालात, “तुझं खातं पाण्याचं ना? मग इंग्रजीही पाण्यापासूनच सुरू करू.” तुमचे चिरंजीव दारात उभे होते. (तुम्ही त्यांना चिरंजीव म्हणायच्या, आता मीही तेच म्हणते, दुसरा कुठलाच शब्द तोंडात बसत नाही.) ते म्हणाले, “आई, पालथ्या घड्यावर पाणी ओतू नकोस.” तुम्ही मागं न बघता म्हणालात, “घडा पालथा आहे की सरळ, हे कळायला आधी तो हातात घ्यावा लागतो. तू घेतलायस का कधी?” मला तेव्हा फक्त हसू आलं होतं. त्या वाक्यात पुढच्या सगळ्याची खबर होती हे फार उशिरा कळलं.

तुमची शिकवायची रीत मी आजही लोकांना सांगते आणि लोकांना ती खोटी वाटते. तुम्ही घासायच्या, मी पुसायची. एका भांड्याला एक वाक्प्रचार. विचार करायला थांबायचं झालं तर आधी नळ बंद. आणि नियम एकच, की इंग्रजी वाक्प्रचाराला मराठीतला जोडा सापडल्याशिवाय तो वापरायचा नाही. ‘टेस्ट द वॉटर्स’ला ‘पाणी जोखणं’ ही तर सख्खी जुळी निघाली. ‘ड्रॉप इन द ओशन’ला ‘दर्यामें खसखस’ मिळाल्यावर तुम्ही एवढ्या खूश झालात, की कपाचा कान निखळला. ‘कीप युअर हेड अबव्ह वॉटर’ला आपल्याकडे नेमकं उलट टोक होतं, ‘नाकातोंडात पाणी जाणं’. तुम्ही म्हणालात, चालेल, ते वाचलेल्याचं सांगतात आणि आपण बुडणाऱ्याचं. एखाद्या गोष्टीत काही काळंबेरं असलं की त्यांना माशाचा वास येतो आणि आपल्याकडे कुठंतरी पाणी मुरतं, यावर तर आपण अख्खी संध्याकाळ काढली. जोडा मिळालाच नाही तर तो वाक्प्रचार ‘पाहुणा’. त्याला बसायला द्यायचं, घरातला म्हणायचं नाही. ‘इन हॉट वॉटर’ हा आपला पहिला पाहुणा. गरम पाण्यात सापडणं म्हणजे अडचणीत येणं, हे मला काही केल्या पटेना. तुम्ही म्हणालात, “कसं पटेल? आपण दमून आलेल्या माणसाला गरम पाणी काढून देतो.”

आणि तो टाकीचा किस्सा. त्या आठवड्यात तुम्ही मला ‘डझंट होल्ड वॉटर’ शिकवला होता. एखाद्याचं म्हणणं टिकत नाही, त्यात दम नाही, अशा अर्थी. मला तो इतका आवडला, की कधी एकदा वापरते असं झालं होतं. एका गृहस्थांचा अर्ज आला, आमच्या खात्यानं बसवलेल्या टाकीबद्दल. मी ऐटीत उत्तर लिहिलं, ‘युअर कम्प्लेंट डझ नॉट होल्ड वॉटर.’ साहेबांनी इंग्रजी बरं दिसतंय म्हणून न वाचताच सही केली. आठवडाभरात गृहस्थ ते पत्र झेंड्यासारखं वर धरून खिडकीशी हजर. “वा! तुमच्या खात्यानं पहिल्यांदा खरं लिहून दिलं! टाकीत पाणी टिकत नाही, हेच तर मी ओरडून सांगतोय. आता चला दुरुस्त करायला.” अख्खी रांग हसली. फिटर पाठवावा लागला. मी घरी आले तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. तुम्ही एवढ्या हसलात, की चष्मा साबणाच्या पाण्यात पडला. मग तो तसाच फेसाचा नाकावर चढवून म्हणालात, “चूक माझी. वाक्प्रचार कधी त्याच्या स्वतःच्या घरात वापरू नये, हे मी तुला सांगायला हवं होतं. पाणीखात्यात पाण्याचा शब्दशः अर्थ आधी उठून उभा राहतो.” मला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी बघते तर तुम्ही खिडकीसमोरच्या रांगेत उभ्या! नंबर आल्यावर मला ओळख न देता म्हणालात, साहेबांना भेटायचंय. आणि त्यांना सांगितलंत, “शिकवणी माझी होती. मार्क माझे कापा, मुलीचे नको.” साहेबांनी तुम्हाला चहा पाजला आणि भिंतीवरची इंग्रजी सूचना तपासायला दिली. तुम्ही तिच्यात इतक्या चुका काढल्यात, की ती परत कधी लागलीच नाही.

माझ्यासाठी कुणी असं रांगेत उभं राहिल्याचं मला त्याआधी आठवत नाही. तुम्हाला हे मी कधी सांगितलं नाही, कारण तुम्हाला कौतुक केलेलं चालत नाही. कुणी केलं की तुम्ही त्याच्या वाक्यातली विशेषणं मोजता. आज मोजा, खुशाल मोजा. तुम्ही फार मोठ्या मनाच्या आहात, बाई. शेजारणी सुरुवातीला कान टवकारून होत्या, की आता सासू-सून एकमेकींना पाण्यात बघणार. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर मला विचारलंही, की भांडी घासताना तुम्ही दोघी एवढं इंग्रजीत काय भांडता? आणि चुलत सासूबाई मुलाबाळांवरून टोमणे मारायला लागल्या, त्या दिवसांत तुम्ही मला बदक शिकवलंत. मी मोठ्या हुशारीनं ‘वॉटर ऑफ अ डक्स बॅक’ला ‘पालथ्या घड्यावर पाणी’ असा जोडा लावला होता. तुम्ही तो साफ नाकारलात. “घड्याला अक्कल नाही म्हणून त्याच्यात पाणी राहत नाही. बदकाला अक्कल आहे म्हणून त्याच्यावर राहत नाही. एकाला उपदेश लागत नाही, दुसऱ्याला टोमणे. हा फरक लक्षात ठेव, सासरी उपयोगी पडेल.” सासूनं सुनेला असं सांगितलेलं मी कुठं ऐकलं नाही. पुढच्या वेळी चुलत सासूबाई बोलायला लागल्या तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघून हळूच ‘क्वॅक’ केलंत, आणि मला चहाचा ठसका लागला.

मग चिरंजीवांचं ते सगळं झालं. त्याबद्दल माझ्या मनात आता काही नाही. दुसऱ्या गावी नोकरी लागली, तिथं त्यांना दुसरं माणूस भेटलं, त्यांनी ते लपवलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं मी मान्य करते. तेव्हा मात्र पायाखालची जमीन गेली होती. कोर्टाच्या त्या लांब व्हरांड्यात दोन बाकं होती. एकावर चिरंजीव, त्यांचे वकील, तुमचे दादा, आणखी कोण कोण. दुसऱ्यावर मी. तुम्ही आलात, दोन्ही बाकांकडं पाहिलंत आणि माझ्या शेजारी येऊन बसलात. वकिलांनी विचारलं, “आजी, तुम्ही कुणाकडून?” तुम्ही म्हणालात, “दोघांकडून. पण तिकडं गर्दी आहे.” 

आणि त्यानंतर घरी जमलेली ती बैठक. तुमचे दादा, ज्यांना महत्त्वाचं बोलायचं झालं की इंग्रजी लागतं, ते घसा साफ करून म्हणाले, “हे बघ, शेवटी ब्लड इज थिकर दॅन वॉटर. तू मुलाकडं जा. या मुलीशी आता तुझा संबंध काय?” मी कोपऱ्यात कपबशा घेऊन उभी होते. पाण्याचे इतके वाक्प्रचार तुम्ही मला शिकवलेत, पण हा कधी शिकवला नव्हता, तरी त्याचा अर्थ कळायला मला जोडा लागला नाही. तुम्ही दादांकडं शांतपणे पाहिलंत. म्हणालात, “उच्चार छान झाला, दादा. पण तहान लागल्यावर माणूस काय मागतं?” तुम्ही उठलात, आत गेलात आणि सगळ्यांसाठी पाण्याचे ग्लास भरून आणलेत. दादांनीही प्यायलं.

ते सगळे गेल्यावर मी भांडी पुसता पुसता विचारलं होतं, की बाई, दादांच्या त्या वाक्याला आपल्याकडं जोडा काय? तुम्ही आधी नळ बंद केलात. मग म्हणालात, “मला सापडला नाही. पाहुणाच राहू दे.”

तुमच्या त्या घरात आपण दोघींनी जे दिवस काढले, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस, असं म्हटलं तर लोक म्हणतील, ही बाई वेडी आहे, नवरा सोडून गेल्यावर सासूपाशी सुखात राहिली. राहिले खरी. तुम्ही मला बढतीच्या परीक्षेला बसवलंत. मी उत्तरं घोकताना तुम्ही मुद्दाम चुकीचा प्रश्न विचारायच्या आणि मी तो सोडवायला लागले की म्हणायच्या, आधी प्रश्न तपास. आज खात्याची सगळी इंग्रजी पत्रं माझ्या टेबलावरून जातात. परवा एका मसुद्यात कुणीतरी ‘कम हेल ऑर हाय वॉटर’ घातलं होतं, की काहीही झालं तरी आम्ही पाणीपुरवठा सुरू ठेवू. नदीला पूर आलेला, अर्धी वस्ती पाण्यात, आणि आम्ही त्यांनाच हे लिहून पाठवणार! मी ते खोडलं आणि म्हटलं, वाक्प्रचार त्याच्या स्वतःच्या घरात वापरायचा नाही. सगळे माझ्याकडं आदरानं बघायला लागले. तो आदर तुमचा होता, मी फक्त पोचपावती दिली.

आता झाकणरावांचं. नाव घेतल्यावर तुम्ही हसलात, मला इथं ऐकू आलं. पंपहाउसचे सुपरवायझर, आमच्याच खात्यातले, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, तोंडातून शब्द काढायचा तर मीटर पडतं असं वागणारे. स्वयंपाकघरातला नळ गळतोय असं मी ऑफिसात सहज बोलले, तर संध्याकाळी अवजारांची पिशवी घेऊन दारात. तासभर ते सिंकखाली वाकून होते, एक अक्षर बोलले नाहीत. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, “स्टिल वॉटर्स रन डीप.” सिंकखालून गंभीर आवाज आला, “बाई, पाणी खोल असो नसो, साठवलेलं असलं तर झाकण घट्ट ठेवा. डास होतात.” त्या दिवशी त्यांचं बारसं झालं. पुढं तुम्ही त्यांना शिकवायला बसलात, की त्या इंग्रजीचा मराठी जोडा म्हणजे ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’, तीच गोष्ट दुसऱ्या काठावरून सांगितलेली. त्यांनी मान हलवली आणि वॉशर मागितला. अख्ख्या शहराला पाणी चढवणारा माणूस, पण आपला एक नळ त्यांना वर्षभर दुरुस्त होईना. बाई, नळ गळत नव्हता, तिथं पाणी मुरत होतं. तुम्हाला ते पहिल्या महिन्यात दिसलं. मला दिसायला फार वेळ लागला, कारण ते यायचे, तुमच्याशी चहा घ्यायचे, माझ्याकडं बघून काहीतरी बोलायला तोंड उघडायचे, मग तुमच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, “वॉशर बदलावा लागेल.”

आणि मग तुम्ही अचानक गेलात. नातू झाल्यापासून चिरंजीव बोलावत होते आणि तुम्ही म्हणायच्या, मी शिक्षिका आहे, आया नाही. एका सकाळी उठून बघते तर तुम्ही बॅग भरताय. “नातवाला माझी गरज आहे.” मला वाईट वाटलं, पण मी म्हटलं, रक्ताचं आहे, ओढ असणारच. स्टेशनवर गाडी हलेपर्यंत तुम्ही मला गॅस, दूध, कुलूप यांच्या सूचना दिल्यात आणि माझ्याकडं एकदाही नीट पाहिलं नाही. तेव्हाही मला कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटलं होतं. कुठं मुरतंय ते गेल्या महिन्यात कळलं. झाकणरावांनी सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही पंपहाउसवर गेला होतात, त्या गुडघ्यानं, तो सगळा चढ चढून. आणि त्यांना म्हणाला होतात, “माझ्यासमोर तुमच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, आणि तीही मला एकटी सोडून हो म्हणायची नाही. मी जाते. पण तो नळ एकदाचा नीट करा.” हे सांगताना त्या अबोल माणसाचे डोळे भरले होते. मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखा. नळ बंद केला आणि मग रडले.

तर बाई, आता माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालंय. तुम्ही रविवारी बोललात ते चुकून नव्हतं. माझ्या वाटेतून आणखी जरा बाजूला व्हावं म्हणून तुम्ही ठरवून बोललात. पण तुम्हाला चुकायची सवय नाही, म्हणून लगेच पकडल्या गेलात. ‘वॉटर अंडर द ब्रिज’चा जोडा आपण ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ असा लावला होता. तुम्हीच बजावलं होतंत, की यात काय वाहून जातं ते नीट बघ. झालेलं भांडण जातं, बोललेले शब्द जातात, झालेला अपमान जातो. चिरंजीव आणि मी, ते सगळं खुशाल पुलाखालून जाऊ दे, मी स्वतः काठावर उभी राहून हात हलवीन. पण तुम्ही काही झालेली गोष्ट नाही. तुम्ही माणूस आहात, आणि माणसं पुलाखालून जात नाहीत, पुलावरून जातात-येतात. पूल बांधतात तोच त्यासाठी. तुमचा एक मार्क कापला.

दुसरी गोष्ट. दादांच्या त्या पाहुण्याला जोडा सापडला. परवा भांडी पुसताना एकटीच बडबडत होते, आणि आपल्याकडची ती साधी म्हण आठवली, पाण्यावर काठी मारली तरी पाणी दुभंगत नाही. लहानपणापासून ऐकलेली, बहीण-भावंडं भांडली की घरोघरी म्हणतात. आपल्याला त्या दिवशी ती कशी सुचली नाही, कोण जाणे. बघा ना, त्यांच्याकडं रक्त म्हणजे आपलं आणि पाणी म्हणजे परकं. आपल्याकडं आपलं माणूस म्हणजेच पाणी. काठी कितीही जोरात मारा, क्षणभर खळगा पडतो आणि परत एक होतं. कोर्टानं मारून पाहिली, दादांनी मारून पाहिली, रविवारी तुम्हीही मारून पाहिलीत. हा जोडा उलटा आहे हे मला कळतं, तुम्ही तो कदाचित नाकाराल. नाकारायचा तर समोर बसून नाकारा.

आता ती राहिलेली बातमी. झाकणरावांनी नळ दुरुस्त केला आणि मग बोलले. मी हो म्हणणार आहे, पण अजून म्हटलेलं नाही. त्यांना सांगितलंय, मागणी माझ्याकडं नाही, बाईंकडं घालायची. येत्या रविवारी ते तुमच्या दारात उभे राहतील. इंग्रजी वाक्य पाठ करू का, असं विचारत होते, मी नको म्हटलं, तुम्हीही परीक्षा घेऊ नका, घाम फुटेल बिचाऱ्याला. चिरंजीवांना मी स्वतः कळवलंय, ते म्हणाले, आईनं ठरवावं. नातू आता शाळेत जातो, तुमचं तिथलं काम झालं. तुमचं घर इथं आहे, आणि लग्नानंतर मी पंपहाउसमागच्या क्वार्टरमध्ये राहायला जाईन, तेव्हा ते रिकामं पडेल. झाकणराव येताना तुम्हाला घेऊन येतील, दोन तिकिटं काढलीत. मी हे मागते आहे ते तुमच्यासाठी नाही, बाई, माझ्या स्वार्थासाठी. लग्न झालेल्या बाईला रुसून जायला एक घर लागतं. माझे आईवडील गेले तेव्हा माझं ते घर त्यांच्याबरोबर गेलं, आणि पहिल्या संसारात मी कधी रुसू शकले नाही, कारण पिशवी भरली तरी जायचं कुठं, हेच ठाऊक नव्हतं. आता जो माणूस मिळालाय तो बोलत नाही, म्हणजे आमचं भांडण लवकरच होणार. तेव्हा मी पिशवी भरून तुमच्याच दारात येणार, आणि तुम्ही दार उघडून म्हणायचं, आलीस? ये, आधी हातपाय धू. तुमचं घर माझं सासर होतं, ते मोडलं. आता तेच मला माहेर म्हणून द्याल का?

तुमचीच
………………
(रिकामी जागा तुम्ही भरायची. पर्याय दिलेले नाहीत.)